सासूबाईंची संथ शर्यत

जावईबापूंनी ते यंत्र आणल्यापासून त्यावर एकही गेम खेळला नव्हता. ते फक्त गेम तपासत. यंत्र दोन हातांत मावणारं, दोन्ही कडांना बटणं आणि मधे छोटा पडदा. टीव्हीला जोडून खेळायचे जुने गेम, जे जावईबापूंच्या लहानपणी फक्त शेजाऱ्यांकडे असत, ते सगळे यात चालतात असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. आता चालतात म्हणजे कसे चालतात, हे बघायला नको का?

मुळात त्यांची नोकरीच तशी. पंख्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. पंखा सुरू करायचा, आवाज ऐकायचा, बंद करायचा, पुढचा घ्यायचा. हाताखालून गेलेल्या एकाही पंख्याखाली ते कधी निवांत बसले नव्हते. गेमचंही तेच. नायक चार पावलं चालला, त्यानं एक उडी मारली, संगीत मधेच तुटलं नाही, की जावईबापू समाधानानं गेम बंद करत. "मग पुढं काय होतं त्या माणसाचं?" असं एकदा बायकोनं विचारलं. जावईबापूंना काय ठाऊक? पहिल्या खड्ड्यापलीकडे त्यांनी त्या माणसाला जाऊच दिलं नव्हतं.

सगळे गेम झकास चालले, एक सोडून. तो होता गाड्यांच्या शर्यतीचा. त्यातली गाडी इतकी रेंगाळायची की रस्त्याकडेची झाडं मोजून घ्यावीत, आणि तिच्यामागचं गाणं जांभई दिल्यासारखं लांबायचं. जावईबापूंनी सगळ्या सेटिंगा चाळल्या, एम्युलेटर, म्हणजे जुन्या खेळयंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, काढून परत टाकला. गाडी काही हलेना. प्रत्येक वेळी बॅटरी पूर्ण भरायची आणि चार्जरची वायर काढूनच तपासायचं, हा त्यांचा नियम. हातात घेऊन खेळायचं यंत्र वायर लावून कशाला तपासायचं, असं त्यांचं म्हणणं.

अशात सासूबाई राहायला आल्या. मनगट मोडलं होतं, प्लास्टर नुकतंच निघालं होतं आणि डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामासाठी रबरी चेंडू दाबायला दिला होता. सासूबाईंनी सगळी नोकरी टायपिंग शिकवण्यात घालवलेली. चेंडू दाबून त्यांचा जीव विटला आणि एका दुपारी त्यांनी टेबलावरचं यंत्र उचललं. पहिला हाताला लागला तो नेमका शर्यतीचा गेम.

संध्याकाळी जावईबापू घरी आले तेव्हा सासूबाई चष्मा नाकावर सरकवून वळणं घेत होत्या. जावईबापू रोज रात्री बॅटरी भरून ठेवत, आणि महिनाभरात सासूबाई इतक्या तयार झाल्या की गाडीला गवताची काडी लागायची नाही. बोटंही सुटली. त्या स्वतःची वेणी स्वतः घालू लागल्या, आणि आता घरी जाते म्हणू लागल्या.

इथं मामा मधे पडले. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, ड्रायव्हिंग स्कूलचे मालक. ताईनं एकटीनं राहू नये, घर बंद करून आपल्याकडे यावं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. प्रेम होतं हो, पण मामांचं प्रेम समोरच्याला विचारत बसत नसे. या हातानं तुला कुलूप तरी उघडता येईल का, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनी यंत्राकडे बोट दाखवून आपली प्रगती सांगितली, तर मामा पोट धरून हसले.

"मी जन्मभर लोकांना गाडी शिकवली, ताई. तू मला या खेळण्याचं कौतुक सांगतेस?"

सासूबाईंचे कान तापले. "रविवारी ये. तीन फेऱ्या, ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला. मी हरले तर बिऱ्हाड आवरून तुझ्याकडे येते. तू हरलास तर माझ्या घराचा विषय परत काढायचा नाही."

आता या सगळ्यात जावईबापूंनी गप्प बसावं की नाही? पण रविवारच्या सामन्यात यंत्रानं दगा द्यायला नको म्हणून त्यांनी गुरुवारी संध्याकाळी ते शेवटचं तपासायला घेतलं. दिसेल ते बटण फिरवलं, सेटिंगांतल्या दिसतील त्या खुणा काढल्या, आणि काय आश्चर्य, गाडी सुटली. सुसाट. गाणंही टणाटण वाजू लागलं. जावईबापूंचे डोळे पाणावले. त्यांनी यंत्र सासूबाईंच्या हातात ठेवलं आणि काही बोलले नाहीत. त्यांना चकित करायचं होतं.

त्या चकित झाल्याच. पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर, दुसऱ्या खेपेला कुंपणात, तिसऱ्या खेपेला थेट उलटी. सासूबाईंनी यंत्र हळूच खाली ठेवलं आणि मनगट चोळत बसल्या.

"हात परत गेला गं," त्या लेकीला म्हणाल्या. "मामाला सांग, सामान न्यायला टेम्पो घेऊन ये."

जेवणं झाल्यावर बायकोनं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. काय केलंत ते खरं सांगा, म्हणाली. जावईबापूंनी सांगितलं. मग आईला जाऊन सांगा की हाताला काही झालेलं नाही, असं ती म्हणाली. पण ते सांगायचं म्हणजे महिनाभर तुम्ही जिंकत होतात ते गाडी रखडत होती म्हणून, हेही सांगायचं. ते कोणाच्या तोंडून निघणार? दोघंही भांडी विसळू लागली. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही पळवलीत ना, तुम्हीच परत रखडवा."

शुक्रवारी सकाळी जावईबापू यंत्र घेऊन बाथरूममध्ये शिरले. अनेक महिने जी गाडी पळवण्यासाठी त्यांनी रक्त आटवलं होतं, ती आता हळू चालेना. आदल्या संध्याकाळी एका दमात इतकं काही बदललं होतं की नेमकं कशानं काम झालं ते आठवेना. तपासनिसानं असं करू नये, पण आनंदात भान राहिलं नव्हतं. चित्र जड करून बघितलं, गाडी पळाली. यंत्र तापलं की मंदावतं असं कुठंतरी वाचलं होतं म्हणून ते शालीत गुंडाळून गरम पाण्याच्या नळाला टेकवलं, तरी पळाली. बाहेर बायको दार ठोठावत होती आणि आतून गाड्या आपटल्याचे आवाज येत होते. शेवटी अगदी कोपऱ्यात बॅटरी वाचवायची एक खूण दिसली. ती केली मात्र, गाणं जांभई देऊ लागलं. म्हणजे इतके महिने एवढंच आडवं येत होतं. जावईबापूंना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली, पण कारखान्याला उशीर होत होता.

"हात आखडला असेल, आई. एकदाच बघा ना," असं त्यांनी खूप विनवलं तेव्हा सासूबाईंनी यंत्र घेतलं. तिन्ही फेऱ्या बिनचूक. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मात्र त्यांनी जावयाकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

रविवारी मामा टेम्पोवाल्याशी बोलूनच आले. आधी मी, म्हणत बसले. मामांचा खाक्या तडकाफडकीचा, आणि गाडी आपली रमतगमत. वळण दिसलं की मामा वळत आणि गाडी वळण यायच्या आधीच गवतात जाई. टेबलाखाली त्यांचा पाय सारखा जमिनीवर दाबला जात होता. जावईबापूंच्या ते लक्षात आलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मामांनी जन्मभर तोच दाबला होता, गाडी दुसऱ्यांनीच चालवली होती.

तिसरी फेरी कशीबशी संपवून मामांनी यंत्र आपटलं. "हे यंत्रच मंद आहे. यावर कोणीही जिंकेल."

बायको चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच थबकली.

"खरंय तुझं," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, ती चार्जरची वायर द्या बरं."

"आई, बॅटरी भरलेली आहे."

"द्या हो."

वायर खोचल्याबरोबर यंत्राची बॅटरी वाचवायची काटकसर आपोआप बंद झाली आणि गाडी सुसाट निघाली. जावईबापूंनी डोळे मिटले. भिंतीवर आपटल्याचा आवाज येईल म्हणून ते थांबले, पण आलाच नाही. डोळे उघडून बघतात तर सासूबाईंच्या दोन्ही हातांची बोटं बटणांवर टपटप पडत होती, नजर पडद्यावर, पाठ ताठ. एका वळणावर त्या किंचित घसरल्या, तेवढंच. तिन्ही फेऱ्या संपल्या.

"घे," त्यांनी मामांपुढे यंत्र धरलं. "आता मंद नाहीये."

मामा दुसऱ्याच वळणाला शेतात गेले. तिथून ते काही परत रस्त्यावर आले नाहीत. टेबलाखालचा पाय मात्र शेवटपर्यंत दाबलेला होता. मग मामांनी चहा मागितला आणि फोन काढून टेम्पोवाल्याला सांगितलं की यायचं आहेच, पण सामान ताईच्याच घरी टाकायचं आहे.

मामा हात धुवायला गेले तसे जावईबापू सासूबाईंजवळ सरकले. तुम्हाला कधी कळलं, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"शुक्रवारी दुपारी. बॅटरी संपली म्हणून वायर लावून खेळायला बसले, तर पुन्हा भिंतीवर. वायर काढली की हात बरा, लावली की वाईट. असा कुठं हात असतो का?" सासूबाई हसल्या. "मग काय, दोन दिवस वायर लावूनच बसले. माझ्या वर्गात मी हेच सांगायचे, आधी हळू आणि बिनचूक, वेग मागून येतो. तुम्ही महिनाभर मला हळू दिलंत, तेच कामी आलं."

आपण ते मुद्दाम दिलं नव्हतं, हे सांगायची जावईबापूंना गरज वाटली नाही.

टेम्पोत बसताना सासूबाईंनी यंत्र त्यांच्या हातात परत ठेवलं. "तुमच्या गाडीपायी माझं घर राहिलं हो," त्या म्हणाल्या. मग लगेच पुढं म्हणाल्या, "पण एकदा खेळा तरी तो. नुसतं तपासता काय."

घर रिकामं रिकामं वाटत होतं. जावईबापू सासूबाईंच्या खुर्चीत बसले, वायर लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळायच्या उद्देशानं सुरू केला. पहिलं वळण आलं. गाडी भिंतीवर. पुन्हा सुरू केला, पुन्हा भिंतीवर. त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. बायकोची पाठ होती.

जावईबापूंनी हळूच वायर काढली.