रंगराव गवा सॉरी म्हणतो

एका जंगलात, बाळांनो, एक फार गैरसोयीची चाल होती. ज्याच्या हातून कुणाचं नुकसान होईल, त्याने ते भरून द्यायचं, आणि भरून होईपर्यंत नुकसान झालेल्याच्या दारात उभं राहायचं. ज्याचं नुकसान झालं तो ‘झालं’ म्हणाला, की मगच घरी जायचं.

एकदा अस्वलाने मुंग्यांचं वारूळ फोडलं. खाल्लेल्या मुंग्या काही परत आणता येईनात, पण वारूळ त्याने चिखलाने लिंपून दिलं. तीन दिवस तो तिथे मान खाली घालून उभा होता. येणारे-जाणारे मुद्दाम थांबून विचारत, काय अस्वलराव, आज इकडे कुठे? तो बिचारा काय सांगणार? त्यामुळे त्या जंगलात जो तो पाऊल बघून टाकायचा.

आता या जंगलाच्या कडेला माणसांचं एक विश्रामगृह होतं. तिथल्या कौलांवर एक माकड वर्षभर मुक्काम ठोकून होतं. परत आलं ते मास्तर होऊन. गळ्यात कुणाचा तरी तुटका चष्मा होता आणि तोंडात एक नवा शब्द होता. तो शब्द म्हणजे सॉरी.

मास्तरांनी पिंपळाखाली वर्ग सुरू केला. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी विचारलं, या शब्दाचा अर्थ काय?

मास्तर म्हणाले, अर्थ असा एक नाही. पायावर पाय पडला की माणसं सॉरी म्हणतात. उशीर झाला की म्हणतात. ऐकू आलं नाही तरी म्हणतात, आणि द्यायचं नसलं तरी म्हणतात. आपण वर्षभर कान देऊन ऐकलं, पण या सगळ्यांत एकच गोष्ट सारखी आढळली. सॉरी म्हटल्यावर पुढे कुणी काहीही करत नाही. तेव्हा सॉरी म्हणजे ‘विषय संपला’.

असा सोपा अर्थ कुणाला आवडणार नाही? आठ दिवसांत सगळं जंगल सॉरी म्हणायला शिकलं. रानडुकरं दुसऱ्याचे कंद उकरायची आणि सॉरी म्हणायची. अस्वल वारुळात तोंड घालण्याआधीच म्हणून टाकायचं, नंतर तोंड भरलेलं असतं म्हणून. वाघही म्हणू लागला. सांबरांना त्याचं फार कौतुक वाटलं, म्हणजे जी उरली त्यांना.

मास्तरांनी जोडीला आणखी एक नियम शिकवला होता. समोरचा सॉरी म्हणाला की आपण ‘इट्स ओके’ म्हणायचं. न म्हणेल तो असंस्कृत.

त्या जंगलात तानूबाई नावाची एक शेकरू राहायची. शेकरू म्हणजे लांब झुपकेदार शेपटीची मोठी खार. तानूबाईचे दिवस भरत आले होते. तिने हिरड्याच्या उंच फांदीवर काटक्या आणि पानं गुंफून छान गोल घरटं बांधलं होतं. पिल्लं तिथेच व्हायची होती.

एके दुपारी रंगराव गवा त्या हिरड्याला पाठ घासायला आला. गवा म्हणजे केवढा, ते तुम्हाला ठाऊक आहेच. झाड गदागदा हललं. तानूबाई कशीबशी खोडाला धरून राहिली, घरटं मात्र खाली आलं.

रंगराव तसा वाईट नव्हता. त्याने मान वर करून, अगदी मास्तरांनी शिकवल्यासारखं, सॉरी म्हटलं. मग तो निघाला.

“अहो, पण काटक्या?” तानूबाई म्हणाली. “या अवस्थेत मी त्या गोळा कधी करू आणि वर कधी नेऊ?”

रंगराव थांबला. आपण सॉरी म्हणालो, तेव्हा बाईंनी काय म्हणायचं असतं, याची त्याने तिला आठवण करून दिली. तानूबाईच्या तोंडून काही ते निघेना. तिला रडू येत होतं. पिल्लं आज-उद्या येतील आणि त्यांना ठेवायला जागा नाही, या एका विचाराने तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

रंगराव दुखावला. त्याने पंचांकडे तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी हिरड्याखालीच सभा भरली. मोडलेलं घरटं मधोमध पडलं होतं. पाय लागू नये म्हणून सगळे त्याला वळसा घालून बसले. पंच होतं एक म्हातारं सांबर. त्याला जुनी चाल आठवत होती, पण आपण मागासलेले दिसू नये म्हणून ते गप्प राहिलं. मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर धरून सांगितलं की रंगरावांचं वागणं अगदी व्यवस्थित आहे, चूक बाईंची आहे. पंचांनी निकाल दिला. इट्स ओके म्हटलं नाही, म्हणून तानूबाईने रंगरावांना सॉरी म्हणावं.

तानूबाईला आधी संताप आला. मग तिने घरट्याकडे पाहिलं, रंगरावाकडे पाहिलं. तो मानाच्या जागी बसून रवंथ करत होता. त्याची शिंगं चांगली रुंद होती आणि फार उंचावरही नव्हती. हिरडा चढायला तिला जमत नव्हतं. गवा जमण्यासारखा होता.

तिने चार काटक्या तोंडात धरल्या, रंगरावाच्या पाठीवरून चढून त्याच्या शिंगांमध्ये ठेवल्या, आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, “सॉरी.”

सगळी सभा रंगरावाकडे बघत होती.

“इट्स ओके,” रंगराव म्हणाला.

तानूबाई खाली उतरली आणि आणखी चार काटक्या घेऊन वर आली. पुन्हा सॉरी म्हणाली. रंगरावाला पुन्हा इट्स ओके म्हणावं लागलं, कारण तक्रार त्याचीच होती. एकदा त्याने मान झटकली. काटक्या पडल्या. तो सॉरी म्हणाला, तानूबाईनेही लगेच इट्स ओके म्हटलं, आणि त्याच काटक्या उचलून परत वर नेल्या. संध्याकाळपर्यंत घरट्याचा तळ तयार झाला. एक काटकी रंगरावाच्या कानात जात होती, आणि मान खाली घालून चरायची सोय उरली नव्हती. सभा केव्हाच उठून गेली होती.

“हे किती दिवस चालायचं?” रंगरावाने विचारलं.

“पिल्लं उड्या मारायला लागेपर्यंत. दोन-तीन महिने धरा.”

रंगरावाने पायाशी उगवलेल्या गवताकडे पाहिलं. शेवटी हलक्या आवाजात, कुणी ऐकत नाही ना असं बघून, त्याने विचारलं, “तानूबाई, ते आपल्याकडे पूर्वी करायचे... तसं केलं तर चालेल का?”

पुढचे दोन दिवस रंगराव गवा हिरड्याखाली उभा होता. पानांच्या डहाळ्या मोडून आणत होता, आणि तानूबाईला डोक्यावर घेऊन मान उंच करून खालच्या फांदीपर्यंत पोचवत होता. येणारे-जाणारे थांबून विचारत, काय रंगराव, आज इकडे कुठे? त्याला लाजल्यासारखं व्हायचं, पण तो जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी घरटं पुरं झालं. तानूबाई आत जाऊन बसली, गोल फिरून पुन्हा बसली, आणि मग बाहेर डोकावून म्हणाली, “झालं.”

रंगरावाला एकदम हलकं वाटलं. एवढं हलकं त्याला सॉरी म्हटल्यावर एकदाही वाटलं नव्हतं. त्याच दुपारी तानूबाईला तीन पिल्लं झाली. रंगराव तेव्हापासून पाठ खडकाला घासतो.

पिंपळाखाली मास्तरांनी या प्रकरणाचा खुलासा केला. ते म्हणाले, रंगरावांचा उच्चार कच्चा होता, म्हणून बिचाऱ्यांना एवढं सगळं करावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून उच्चार सुधारण्यासाठी वर्गात बसायला जागा मिळेना.

तात्पर्य : सॉरी हा शब्द फार उपयोगी आहे. मुलांनो, तो पाठ करावा, उच्चार घोटून घ्यावा आणि उठल्याबसल्या वापरावा. फक्त ज्याचं घर आपण मोडणार आहोत, त्याला तो शिकवू नये.