कंपनी हाजिर हाय का?

सोपानमामांना चहा हवा असला की ते स्वयंपाकघरात डोकावत नाहीत. ओसरीच्या पायरीवर उभे राहतात, डावा हात कानामागे धरतात आणि पुकारा करतात, "चहाऽऽ हाजिर हाय का?" असं तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत कप आला नाही तर "गैरहजर" असं पुटपुटून खाली बसतात. मग चहा आला तरी पीत नाहीत. पुकारा होऊन गेला म्हणजे गेला.

मामी आतून म्हणतात, "द्या त्याला पुढची तारीख!"

मामा तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. साहेबांच्या दाराबाहेर उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हेच काम त्यांनी आयुष्यभर केलं. आवाज असा की पुकारा कोर्टात व्हायचा आणि स्टँडवर वडापाव खात बसलेला आरोपी पाव टाकून पळत यायचा. काही आरोपी त्याच आवाजाने उलट दिशेला पळाले, असंही सांगतात.

निवृत्त होऊन मामा वडवणीला आले, पण कोर्ट काही त्यांच्या तोंडातून गेलं नाही. सदऱ्याचं बटण तुटून पडलं तर ते 'फरार' असतं. दूध उतू गेलं तर 'मुद्देमाल नष्ट'. भिंतीवर पाल दिसली तर "विनापरवाना प्रवेश" म्हणून तिला झाडू दाखवतात.

त्यांच्या आणि माझ्या घरांमधली भिंत एकच आहे. त्यामुळे त्या घरात कोण हाजिर आणि कोण गैरहजर, हे मला घरबसल्या कळतं. मी खताच्या दुकानात कामाला आहे. फार बोलणारा माणूस नाही. बोलायला हवं होतं तिथंही बोललो नाही, असं पुष्कळदा झालंय. त्यातलं एक मामांच्या बाटलीपाशी येऊन अडतं, म्हणून हे लिहायला बसलो.

मामांना एकच मुलगी, कावेरी. बी.ए. झालेली. घरीच शिवणकाम करते, आणि आमच्या गल्लीतली एकही नवरी तिच्या हातचं ब्लाऊज घातल्याशिवाय बोहल्यावर चढलेली नाही. तिच्यासाठी गेल्या उन्हाळ्यात चकलांब्याचं स्थळ मीच आणलं होतं. मुलाचे वडील दुकानात खत न्यायला यायचे, तेवढीच ओळख.

हल्ली आमच्याकडे पाहुण्यांना नुसत्या पोह्यांवर आणि चहावर वाटेला लावून चालत नाही. थंडा द्यावा लागतो. थंडा नसला तर मुलीकडच्यांना हौस नाही असं धरतात. मामांनी नारिंगी थंड्याच्या काचेच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या. पोहे झाले, बाटल्या फोडल्या, कावेरी ट्रे ठेवून खुर्चीवर बसली. मुलाच्या वडिलांनी विचारपूस सुरू केली. आणि तेवढ्यात मामा गरजले,

"थांबाऽऽ! कुनीबी बाटलीला हात लावायचा न्हाई!"

मुलाच्या धाकट्या भावाने बाटली नुकतीच तोंडाला लावली होती. ती सगळी त्याच्या पांढऱ्या शर्टावर गेली. मामांच्या हातात एक न उघडलेली बाटली होती. कुठून उचलली कोण जाणे. ती त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. आत, तळाशी, नारिंगी पाण्यात काहीतरी काळं तरंगत होतं.

"पालीचं शेपूट हाय," मुलाचे वडील म्हणाले.

"लवंग आसंल," मामी म्हणाल्या.

मला तो रबराचा तुकडा वाटला. मामांनी सगळ्यांना गप्प केलं. "अज्ञात इसम हाय! पंचनामा झाल्याबिगर कुनी नाव घ्यायचं न्हाई."

आणि खरोखर पंचनामा झाला. वही आली. 'समक्ष पाहिले असता बाटलीत एक अज्ञात इसम मृतावस्थेत आढळून आला' असं मामांनी स्वतः लिहिलं आणि पंच म्हणून खुद्द नवऱ्या मुलाची सही घेतली. बिचाऱ्याने कावेरीकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं, पण त्या काळ्या वस्तूकडे त्याला तीन वेळा पाहावं लागलं. पाहुणे जेवायला थांबले नाहीत. पुढे निरोप आला, जमत नाही म्हणून.

"बाटलीनं घात केला," मामांनी गल्लीला सांगितलं. गल्लीने वडवणीला सांगितलं.

बाटलीला कापड गुंडाळून, सुतळी बांधून, वर लाखेचं सील करून मामांनी ती फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवली.

"मग दूध कुठं ठिवू?" मामींनी विचारलं.

"दुधावर केस हाय का? भाईर ठिव."

मग कंपनीला फोन सुरू झाले. बाटलीवर तक्रारीचा नंबर होता. मामा फोन कानाला लावत नसत. समोर हातभर अंतरावर धरून पुकारा करत. पलीकडची मुलगी मोठी गोड बोलायची.

"सर, आपली तक्रार कशाबद्दल आहे? चव, पॅकिंग, की डिलिव्हरी?"

"सोयरीक मोडल्याबद्दल."

"सर, असा पर्याय नाही. 'इतर' लिहू का?"

"इतर कावून? ही सगळ्यात मोठी हाय, पयल्या नंबरावर लिवा!"

तिने बाटलीचा बॅच नंबर विचारला. मामांनी तो तीनदा पुकारला. माझ्या घरातल्या पोरांना तो पाढ्यासारखा पाठ झाला.

कंपनीने बदली बाटली देऊ केली. मामा नको म्हणाले. मग एक अख्खा खोका देऊ केला. "मुद्देमालाच्या बदल्यात मुद्देमाल? कंच्या कायद्यात बसतं हे?" मग कूपन आलं. त्याचा मामींनी डब्याखाली घालायला उपयोग केला. मामांची मागणी एकच होती. कंपनीच्या माणसाने चकलांब्याला जावं, पाहुण्यांच्या ओसरीवर उभं राहावं, आणि चूक आमच्या बाटलीची, पोरीच्या घरच्यांची नव्हे, असं तोंडाने सांगावं.

"सर, चकलांबा आमच्या डिलिव्हरी एरियात येत नाही," ती मुलगी म्हणाली.

तेव्हापासून मामांनी फोनवरून कंपनीला तारखा द्यायला सुरुवात केली. दर महिन्याचा पहिला बुधवार. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर उभे राहत आणि ओरडत, "कंपनीऽऽ हाजिर हाय काऽऽ?" गल्लीतल्या शेळ्या माना वर करत. बाजारातून येणारे लोक थांबून पाहत. तीन पुकारे झाले की, "गैरहजर. पुढची तारीख." लोक हसत, आणि कुणी नवखा विचारायचाच, की ही काय भानगड? मग दुसरा सांगायचा, अहो, चांगलं जमत आलेलं स्थळ त्या बाटलीपायी मोडलं.

इथवरचं सगळ्या वडवणीला ठाऊक आहे. मी एक गाळलं, ते आता सांगतो.

मामा ओरडले त्याच्या जरा आधी मुलाच्या वडिलांनी विचारलं होतं, "नाव काय बाळा तुजं?" आणि कावेरी 'क'वर अडकली होती. ती लहानपणापासून बोलताना अडखळते. घरच्यांत कमी, परक्यांत जास्त, आणि स्वतःचं नाव सांगताना सगळ्यात जास्त. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. सुईत दोरा ओवून होईपर्यंत माणूस थांबतो, तसे आम्ही थांबतो. पण चकलांब्याच्या पाहुण्यांना मी हे सांगितलंच नव्हतं. म्हटलं, आधी पोरगी बघू देत, तिचं काम बघू देत, बोलणं काय नंतर ऐकतीलच.

निघताना पाहुण्यांच्या जीपपाशी मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. "बाटलीचं ऱ्हाऊ द्या हो. पोरगी अडकती. तुमी आदी सांगाय पायजे हुतं. आमचं न्हाई जमायचं."

मी काय करावं? मी हात जोडून म्हटलं, "मग एवढं करा, कारण बाटलीचं सांगा."

कावेरीला लागू नये म्हणून मी हे केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. तेही होतंच. पण मामांनी मला विचारू नये, की तुम्ही पाहुण्यांना आधी बोलला नव्हता का, म्हणूनही केलं. आणि तो भला माणूस माझ्या खोट्यासाठी एका कंपनीशी भांडायला उभा राहिला. दर पहिल्या बुधवारी पलीकडे पुकारा व्हायचा आणि अलीकडे मी जेवता जेवता ताटातच बघत बसायचो. बायको म्हणायची, "तुमचं नाव घेतल्यावानी का दचकता?"

मग यंदाच्या उन्हाळ्यातला एक बुधवार. मी दुकानाला निघालो होतो. मामा पायरीवर, हात कानामागे. पहिला पुकारा. दुसरा. तिसरा पुकारा झाला आणि रस्त्यावरून आवाज आला,

"हो, हाजिर आहे."

पांढऱ्या गाडीतून एक तरुण उतरला. गळ्यात ओळखपत्र, हातात बाटल्यांचा खोका. मामांचा हात कानामागेच राहिला. मला त्यांनी खुणेने जवळ बोलावलं.

"आता काय करायचं असतंय?" ते कुजबुजले. "म्या नुस्तं पुकारायचो. पुढचं आतले सायेब बघायचे."

"मग आत पाठवा."

"आत कोन हाय?"

"मामी आहेत."

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उनाचं आलाव. बसा." सुनावणी सुरू झाली.

पोरगा संभाजीनगरच्या ऑफिसातून आला होता. घाम पुसत म्हणाला, "काका, माझं लग्न ठरलंय. तुमची तक्रार बंद झाल्याशिवाय साहेब मला रजा देत नाहीत. तुमची मागणी काय असेल ती मान्य. चकलांब्याला जायचं ना? चला, गाडी आहे. पाहुण्यांपुढे माफी मागतो. पाया पडायला सांगाल तर पाया पडतो."

पाहुण्यांच्या ओसरीवर हा माफी मागणार, आणि पाहुणे म्हणणार, अहो, बाटलीचं कोण म्हणतंय? मामांच्या देखत म्हणणार.

मी तोंड उघडायच्या आत मामाच म्हणाले, "आज नगं. आज शनवार हाय."

"आज बुधवार आहे, काका. तुम्हीच तारीख दिली होती."

"रस्ता फार खराब आहे," मी म्हटलं.

"मी त्याच बाजूने, गेवराईवरूनच आलोय. चांगला आहे."

"पाव्हने घरी नसत्याल," मामा म्हणाले.

"फोन करून विचारू ना."

"त्यांचा फोन लागत नाही," मी म्हटलं.

"त्यांच्याकडं सुतक हाय," मामा म्हणाले.

"वर्षभर?" तो पोरगा म्हणाला.

मामांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस मामा मागत होते ते दारात गाडी घेऊन उभं होतं, आणि आम्ही दोघं ते परतवून लावायला एकमेकांच्या पुढे धावत होतो. मी का धावत होतो ते मला ठाऊक होतं. मामा का?

"तुमालाबी ठाव हाय तर," मामा हळू म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मामा, मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. आणि बाटलीचं कारण द्या, हेही मीच म्हटलं."

"म्या तरी कुटं सांगितलं? म्या बाप हाय." त्यांनी सदऱ्याची बाही ओढली. "ती बाटली मला सकाळीच दिसलती. दुकानात परत करायची म्हनून खुर्चीखाली ठिवलती. पोरगी अडकली तवा म्या त्यांच्या तोंडाकडं बगत हुतो. त्यो धाकटा हसायच्या बेतात हुता. मग काय करू? उचलली बाटली आन् वराडलो."

"आणि या तारखा?"

"लोकांनी बाटलीला नावं ठिवावी. पोरीला कावून?"

कंपनीचा पोरगा आळीपाळीने आमच्याकडे बघत होता. तेवढ्यात कावेरी पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आली. भांडं त्याच्या हातात दिलं, आणि तिथंच उभी राहून बोलायला लागली. "सा... सायेब." पुढचं वाक्य यायला वेळ लागला. मामांचा हात उठला, छाती भरली, मला वाटलं आता ओरडतात. त्यांनी तसाच श्वास सोडला.

"त्यांला भेटून उपेग न्हाई," कावेरी म्हणाली. "त्यांनी ब... ब... बाटलीला न्हाई, मला नगं म्हटलं."

पोरगा भांडं धरून थांबला होता. तिचं पुरं झाल्यावर तो पाणी प्यायला. मामांनी विचारलं, "तुला कवा कळलं गं?"

"त... तवाच. म... म्या तिथंच हुते की, बाबा."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"तुमी एवढ्या हौसंनं वराडत हुता."

मामी पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग त्यांनी तो तोंडावरून काढलाच नाही.

पोरगा जेवून गेला. तक्रारीपुढे 'मिटली' असं त्याने लिहून नेलं. जाताना कावेरीला विचारलं, नवरीचं ब्लाऊज शिवून द्याल का? तिने त्याला माप पाठवायला सांगितलं, न अडखळता.

गाडी गेल्यावर मामा पायरीवरच बसले. मी शेजारी.

"पुढं कुटलं स्थळ बगितलं," मामा म्हणाले, "तर पयलं हेच सांगा त्यांला. पोहे-बिहे मागून."

"पहिलं हेच सांगतो," मी म्हटलं.

आत शिवणयंत्र थांबलं.

"न्हाई," आतून कावेरीचा आवाज आला. "म... म..."

मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला, जसं काही मी मध्येच बोलणार होतो. आम्ही रस्त्याकडे बघत बसून राहिलो. समोरून एक म्हातारी दोन शेळ्या घेऊन सावकाश गेली.

"म... मी सांगीन," कावेरी म्हणाली, आणि यंत्र पुन्हा चालू झालं.