सोयरे चुकवणारा नकाशा

खोटं बोललात तुम्ही, साहेब. कमठाण्याच्या वेशीवर लोखंडी फळा ठोकलात, फीत कापलीत, पेढे खाल्लेत आणि फळ्यावर लिहून गेलात, 'कमठाणा ते कडगंची, निसर्गरम्य लांब पल्ल्याची पायवाट. सविस्तर नकाशा कार्यालयात मिळेल.' वाट कुठून निघते, कुठल्या ओढ्याशी वळते, दमलेल्या माणसानं टेकायचं कुठं, यातलं एक अक्षर त्यावर नाही. उद्घाटन करणाऱ्यांचे फोटो मात्र ठळक आहेत, आणि ती सगळी मंडळी गाडीतून आलेली. नकाशा तुमच्याकडं नव्हताच. नसताना आहे म्हणालात. तुमच्या त्या एका ओळीपायी शैलश्रीच्या घरात काय धुमाकूळ झाला तो आता ऐका.

शैलश्री गावातल्या शाळेत भूगोल शिकवायची. वय पन्नाशीला टेकलेलं, गुडघे अजून शाबूत. आजवर ती जिथं जिथं गेली तिथं एक तर लग्न होतं, नाही तर बारसं, नाही तर माती. हातात पिशवी, पिशवीत खण-नारळ, आणि पोचल्या पोचल्या पदर खोचून सरळ चुलीपाशी. कुणाकडंही न जाता नुसतं जाणं तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. फळा वाचला त्याच दिवशी तिनं नवऱ्याला सांगून टाकलं,

"दसऱ्याच्या सुट्टीत आपण ही वाट चालायची. दोघंच. मधी कुणाचं घर न्हाई, कुणाचं जेवण न्हाई."

बसवेशचं शेतीच्या मोटारी आणि पाईपांचं दुकान. माणूस भला, पण जीव सगळा खाण्यात. "जेवण न्हाई म्हंजे?" त्यानं घाबरून विचारलं.

"कडक भाकरी आन् शेंगाची चटणी. पाठीवर घिऊन जायची."

"कुणाच्या पाठीवर?"

"तुमच्या."

शैलश्री बिदरला तुमच्या पर्यटन कार्यालयात गेली. तिथं विजयेंद्र नावाचे साहेब होते. बोलायला गोड, खुर्चीत घट्ट.

"नकाशा फळ्यावर आहे की, मॅडम," साहेब म्हणाले.

"फळ्यावर लिवलंय, नकाशा कार्यालयात हाय."

"मग कार्यालयात असेल."

"हेच न्हवं का कार्यालय?"

साहेबांनी इकडंतिकडं पाहून खात्री करून घेतली. "हो, हेच. पण नकाशा आम्ही फळ्यासाठी दिला होता. फळ्यावर मावला नाही."

"मग जो मावला न्हाई तो द्या."

साहेब जरा गडबडले आणि लगेच सावरले. निम्मी वाट कलबुर्गी जिल्ह्यात असल्यानं नकाशा तिकडच्यांकडं मागावा, असं त्यांनी सुचवलं. तिनं तिथूनच तिकडं फोन लावला. तिकडचे म्हणाले, वाट सुरू बिदरकडून होते, तेव्हा नकाशा सुरू करणाऱ्यानं द्यायचा. दोन्ही बाजू इतक्या समजुतीनं बोलत होत्या की भांडायचं कुणाशी हेच तिला कळेना.

फोनमधला नकाशा उघडून पाहिला. त्यात हमरस्ता होता, पेट्रोलपंप होते आणि बाकी सगळं करडं कोरं. तुरीचं रान त्याला दिसतच नव्हतं. चालत जायचं म्हटलं तर तो ट्रकांच्या कडेकडेनं जा म्हणायचा.

बायकोचं उतरलेलं तोंड बसवेशला बघवेना. मदत करावी म्हणून त्यानं जे केलं, ते या मुलखातलाच माणूस करू जाणे. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांच्या ग्रुपवर त्यानं विचारलं, "कमठाण्याहून कडगंचीला रानातून पायवाट कशी? आम्ही दोघं चालत यायलाव."

दुपारपर्यंत फोन तापला.

पहिला आवाजी निरोप शैलश्रीच्या भीमण्णामामाचा. "अव्वा, वाट लई सोपी. नाल्याच्या कडंकडंनं ये. मोठा पिंपळ लागंल. तिथनं डाव्या अंगाला वळलीस की आपलं घर."

तिनं फोन केला. "मामा, घराच्या पुढं कशी वाट हाय?"

"पुढं कामून जातीस? घर आलं की!"

सगळ्यांचं तेच. हुमनाबादकडचा चुलत दीर चन्नबसप्पा वाट सांगायचा ती त्याच्या ओसरीपर्यंत. आळंदकडची मावसबहीण सांगायची ती तिच्या अंगणापर्यंत. वाट जणू ज्याच्या त्याच्या दारात बांधून ठेवलेली. त्यात आता सगळ्यांना कळलेलं. इथं वाटेवरच्या सोयऱ्याचं घर ओलांडून जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. भांडण विसरतील, हे विसरत नाहीत. बसवेशच्या एका चुलत्यानं तरुणपणी सोयऱ्याच्या दारावरून न थांबता मोटारसायकल नेली होती. ती गोष्ट थेट त्याच्या नातीच्या सोयरिकीच्या बैठकीत निघाली.

मग बसवेशची थोरली बहीण दानेश्वरी फोनवर आली. ती दिली होती संतपूरला.

"चन्नबसप्पाकडं जातीस, मामाकडं जातीस, मग माझं घर काय वंगाळ हाय का गं?"

"वन्सं, संतपूर उलट्या अंगाला हाय. आम्ही दक्षिणंला जायलाव, तुमी उत्तरंला."

"मग काय झालं? चालायचंच हाय न्हवं? जरा जास्ती चाला!"

शैलश्रीनं कपाळाला हात लावला. कॅलेंडरच्या मोठ्या पानाच्या पाठीवर तिनं जिल्ह्याच्या नकाशावरून नद्या-नाले आणि गावं उतरवून घेतली होती. जिथं सोयरा, तिथं ती स्वतःच्या पाकिटातली लाल टिकली चिकटवायची. दुसरं पाकीट फोडावं लागलं. नकाशाला गोवर निघाल्यासारखं दिसायला लागलं. बसवेशनं सगळ्या टिकल्या जोडून पेन्सिलीनं वाट काढली. ती कमठाण्यातून निघून संतपूरला जाऊन, परत कमठाण्यावरूनच, फाटक्या स्वेटरच्या लोकरीसारखी सगळ्या मुलखात गुंतली होती.

"बघ, एकबी सुटला न्हाई," तो खुशीत म्हणाला. "भीमण्णामामाकडं गव्हाची हुग्गी, चन्नबसप्पाकडं भज्जी, शेवटाला कडगंचीत तुझ्या अक्कम्मा आत्याकडं शेंगाची पोळी."

"आन् चालायचं कवा?"

"चन्नबसप्पा टेम्पो पाठवतो म्हणलाय. पायाला कामून तरास द्यायचा?"

शैलश्री तडक उठली. आत गेली, ज्वारीचं पीठ मळायला घेतलं आणि ते अशा तऱ्हेनं थापलं की बसवेशला बाहेर बसून कळलं, आपलं काहीतरी चुकलंय. तो उंबऱ्यात जाऊन उभा राहिला.

"काय झालं, शैला?"

"काय न्हाई. प्रत्येक घरी गेल्यावर काय हुतंय ठाव हाय का? तुमी बसता खाटंवर. मी जाती चुलीपाशी. तिथल्या बाया म्हंत्यात, बस की अक्का, बस की, आन् हातात लाटणं देत्यात. हीच वाट चालायली की मी जल्मभर. तिला फळा कशाला पायजे?"

 बसवेश नकाशासमोर जाऊन बसला आणि एकेका टिकलीवर बोट ठेवत गेला. मग त्यानं हाक मारली.

"शैला, हितं बघ. हितं एकबी टिकली न्हाई."

ती पिठाच्या हातानं बाहेर आली. खरंच, टिकल्यांच्या गर्दीतून एक कोरी पट्टी माळामाळानं, ओढ्याओढ्यानं, वाकडीतिकडी होत थेट कडगंचीपर्यंत गेली होती. तिनं पिठाचं बोट त्या पट्टीवरून फिरवलं. पांढरी रेघ उमटली. एवढा सविस्तर नकाशा कुठल्या कार्यालयानं बापजन्मात केला नसेल. कुठून जायचं नाही, हे त्यात इंचाइंचानं कळत होतं.

"आन् कडगंचीची आत्या?" बसवेशनं विचारलं.

"शेवटाला एक सोयरा चालंल. मधी नक्को."

निघायचा दिवस म्हणून ग्रुपवर रविवार जाहीर झालेला होता. त्यांनी गुपचूप शुक्रवारीच निघायचं ठरवलं. पण गुरुवारी संध्याकाळीच दानेश्वरी बॅग, उशी आणि लोणच्याची बरणी घेऊन दारात उतरली. "मी बी चालायला येते," ती म्हणाली. "आधी माझ्या घरी जाऊ, मग तुमच्या आत्याकडं."

शुक्रवारी उजाडता उजाडता दोघं पाठीवर पिशव्या अडकवून चोरासारखे परसदारी आले, तर दानेश्वरी तिथं दात घासत उभी.

"कुठं चाललाव?"

"दूध आणायला," बसवेश म्हणाला.

"दूध आणायला एवढी मोठी पिशवी?"

"म्हशीचं हाय, अक्का," असं म्हणून तो चालू लागला. दानेश्वरी त्या उत्तराचा विचार करीत राहिली, तेवढ्यात दोघं वेशीपलीकडं गेले. शैलश्रीनं नवऱ्याचा फोन मागून घेतला, बंद केला आणि कडक भाकरीच्या खाली पार तळाशी ठेवला.

मग ती चालली. काढून झालेल्या सोयाबीनच्या रानातून, तुरीच्या पिवळ्या फुलांतून, ज्वारी पेरायला तयार केलेल्या काळ्या ढेकळांवरून. कुणी 'बस की अक्का' म्हणालं नाही. एका ओढ्यात तिनं पाय बुडवले आणि उगीचच बसून राहिली. बसवेशनं दोनदा भाकरी मागितली, तिनं दोनदा दिली. तोही हळूहळू निवळला. "कुणाचंच ऐकू यीना झालंय," तो नवलानं म्हणाला. "बरं वाटायलंय की गं."

ऊन कललं तेव्हा माळावरच्या एका दगडावर पिवळा बाण दिसला. पुढं बाभळीच्या खोडावर दुसरा. शैलश्री थबकली.

"अहो! ही तीच वाट हाय! कार्यालयाची!"

"म्हंजे त्यांनी बी सोयरे चुकवले व्हय?"

बाणामागं बाण धरीत ते एका लहानशा वस्तीवर आले. शेवटचा बाण एका घराच्या भिंतीवर होता आणि त्याखाली मराठीत नि कानडीत ठसठशीत रंगवलं होतं, 'विश्रांतीस्थान'. अंगणात खाट, खाटेवर धुतलेली चादर. शेजारी इस्त्रीचा सदरा घातलेले, गुळगुळीत दाढी केलेले एक म्हातारे गृहस्थ उभे. त्यांनी या दोघांना पाहिलं आणि आत हाक दिली,

"अगं ए, आले! मी म्हणत नव्हतो, येतील म्हणून!"

त्यांचं नाव गुंडेराव, निवृत्त पोस्टमास्तर. बायको सुमतीबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"उन्हाळ्यात ऑफिसची माणसं आली," त्या सांगू लागल्या. "न विचारता भिंत रंगवली. म्हणाली, देशभरातनं लोक येतील, तुम्ही नुसती खाट टाका. तेव्हापासनं मी रोज खाट टाकायलेय. हे रोज दाढी करून बसायलेत. आज तुम्ही पहिले."

"आन् हितनं पुढचे बाण?" शैलश्रीनं विचारलं.

"इथं रंग संपला. आणायला गेलेत," गुंडेराव म्हणाले. "अजून आणायलेत."

बसवेश खाटेच्या कडेला अवघडून बसला. आता विचारणार, कुणाकडचे, कुणाचे कोण, आणि कुठला तरी धागा निघणार, ही धास्ती त्याच्या तोंडावर दिसत होती. गुंडेरावांनी विचारलं,

"कुठं निघालात?"

"कुठं न्हाई," शैलश्री म्हणाली. "नुसतं चालायलाव."

"बरंय की," गुंडेराव म्हणाले.

बस. पुढं काही विचारलं नाही. चुलीकडं वळलेल्या शैलश्रीला सुमतीबाईंनी दंडाला धरून परत खाटेवर बसवलं. "विश्रांतीस्थान म्हणून लिहिलंय ना बाहेर? मग विश्रांती घ्या. उपीट होतंय." शैलश्रीनं पाय वर घेतले, लांब केले. परक्या घरात पाय लांब करून बसायची तिची ही पहिलीच वेळ. उपीट आलं. बसवेशनं चवीनं तीनदा घेतलं.

खाणं झाल्यावर सुमतीबाईंनी पदराला हात पुसले आणि भिंतीवर रंगवलेल्या नंबरावर फोन लावला. आवाज मोठा केला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "कार्यालय. बोला."

"मी विश्रांतीस्थान बोलतेय. दोन माणसं आलीत."

"कशी आली?" पलीकडचा दचकून म्हणाला. "नकाशा तर अजून... नकाशा फळ्यावर आहे, आजी."

"फळ्याचं राहू द्या. माणसं इथं आहेत, बाण इथं संपलाय. यांना मी इथून पुढं कुठं पाठवू?"

"उद्या चौकशी करून सांगतो."

सुमतीबाईंनी फोन हातानं झाकून पाहुण्यांकडं पाहिलं. शैलश्री उशीला टेकली होती. माळावरून वारा येत होता, आणि तिला ना कुठं पोचायचं होतं, ना उठायचं. "सावकाश विचारा, आई," ती म्हणाली. "त्यांचं उत्तर यीस्तवर आम्ही हितंच हाव."

सुमतीबाईंनी फोन परत तोंडाशी धरला.

"उद्या नको, आत्ता. चौघं बसलोय आम्ही ऐकायला. वाट कुठून जाते? बोला साहेब."