गोटमार, दगड न लागता

व्हिडिओ गेम खेळीन तर माझ्या कम्प्युटरवरच खेळीन, दुसऱ्या कशाला बोट लावणार नाही, असं मी सत्त्याऐंशी साली सासुरवाडीच्या भर पंगतीत जाहीर केलं. आणि मी एकदा बोललो की माघार घेत नाही. निदान पंगत उठेपर्यंत तरी नाहीच.

निमित्त माझ्या साळ्याचं. दिलीप सौसरला बँकेत कामाला. त्यानं नागपूरहून टीव्ही गेम आणला होता. एक काळा डबा. त्यात वरून गेमची एक प्लास्टिकची वडी खपकन बसवायची, खटका दाबायचा, की खेळ सुरू. सावरगावातली निम्मी जनता त्याच्या ओसरीवर पडून असे.

"भाऊजी, तुमी पण खेळून पाहा ना," दिलीप वाढता वाढता म्हणाला. "लय सोपं हाय."

"सोपं हाय म्हणूनच नको," मी म्हणालो. "खटका तर माकडही दाबते."

मी पांढुर्ण्याच्या शाळेत गणिताचा मास्तर. माझ्याकडे कम्प्युटर होता! पाटीएवढा, रबरी बटनांचा. तो टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरलाही जोडायचा, कारण त्याचा गेम कॅसेटमध्ये असतो. कॅसेट लावली की मांजर आणि रेडिओ एकाच पोत्यात घातल्यासारखा आवाज येतो, चींऽऽ खर्रऽऽ. तो आवाज कम्प्युटरनं शेवटपर्यंत ऐकला तर गेम सुरू होतो. मधेच कुणी दार आपटलं, लाइट फडफडली, टेपचा आवाज केसभर कमीजास्त झाला, की पुन्हा पहिल्यापासून. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टेपच्या पोटात शिरायचं. खरं सांगायचं तर माझ्या संध्याकाळी गेम खेळण्यात कमी आणि गेम सुरू होण्याची वाट पाहण्यात जास्त जात. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

माझ्या या तत्त्वावर एकच माणूस उघड हसायचा, माझे सासरे रामाजी. सावरगावात पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे बैलांवरची आणि गावावरची चटकदार कवनं, म्हणाव्यात त्या रामाजींनीच. बैलांच्या जोड्या उभ्या राहिल्या की ते पुढे व्हायचे, एकेक झडती फेकायचे, आणि सगळा गाव 'हर बोला हर हर महादेव' करायचा. गावातल्या प्रत्येक बैलाची त्यांनी तारीफ केली. जावयाची नाही. मला ते 'मास्तर' म्हणायचे, तेही असं की ऐकणाऱ्याला वाटावं हा काहीतरी जनावरांचा रोग आहे. कम्प्युटर पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मास्तर, हे दूध किती देते?"

ते त्याच हिवाळ्यात वारले. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. एखाद्यानं कधीतरी आपल्याला बरं म्हणावं म्हणून आपण थांबून राहतो आणि तो माणूसच निघून जातो. मंगलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याआधीच्या पोळ्याला त्यांच्या झडत्या टेप करून ठेवल्या होत्या. रामाजींचा आवाज म्हणून घरात एवढी एकच वस्तू उरली. अशी कॅसेट आहे हे मला माहीत होतं. कोणती, ते मी कधी विचारलं नाही.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या पावसाळ्यात मी स्वतः एक गेम लिहिला. नाव 'गोटमार'.

आमचं पांढुर्णा जाम नदीच्या या काठाला, सावरगाव त्या काठाला. एरवी पुलावरून गेलं तर घरून घेतलेला चहा तिथे पोचेपर्यंत निवत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि दोन्ही गावं एकमेकांवर गोटे फेकतात. झेंडा आमच्या लोकांनी आणायचा, त्यांनी आणू द्यायचा नाही. डोकी फुटतात, हातपाय मोडतात, कधी त्याहून वाईट होतं. आणि संध्याकाळी तीच माणसं एकमेकांची विचारपूस करतात, कारण अर्ध्या पांढुर्ण्याची सासुरवाडी सावरगावात आहे. मी जन्मात कधी नदीत उतरलो नाही. गच्चीवरून पाहतो, तेही डोक्यावर गंज घालून. हो, भात शिजवायचा गंज. गोट्याचं काही सांगता येत नाही.

माझ्या गेममध्ये एक ठिपका नदी ओलांडतो आणि वरून चौकोनी गोटे येतात. गोटमार, पण दगड न लागता! पोळ्याच्या आदल्या दिवशी गेम पुरा झाला आणि नेमकी लाइट फडफडू लागली. लाइट गेली की कम्प्युटरच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं, दिवसभराची मेहनत पाण्यात. मी हाताला लागेल ती कॅसेट ओढली. लाल कव्हरातली. वर काही लिहिलेलं नाही. थोडी वाजवून पाहिली, आवाज नाही. कोरी! पुन्हा सुरुवातीला आणली, गेम भरला, कॅसेट कव्हरात घालून जागेवर ठेवली आणि पोळ्याच्या तयारीला लागलो.

गोटमारीच्या दिवशी शाळेला सुट्टी. बाहेर आरडाओरडा सुरू झाला तसा मी दारंखिडक्या लावल्या, टीव्ही जोडला आणि हाक मारली, "मंगला, माही लाल कव्हरातली कॅसेट कोठी हाय?"

"तुमची कोठची?" ती चुलीजवळून म्हणाली. "लाल कव्हरात बाबाच्या झडत्या हाय. काल आई आली होती ना, थे घेऊन गेली. आज पाहुणे जमले का साऱ्यायले ऐकवतो म्हणे."

रामाजींचा आवाज मी पुसला होता. बापाचा आवाज, आणि त्यावर मांजर न् रेडिओ! आणि आज ते सगळ्या सावरगावासमोर वाजणार होतं. मंगला पुरणाचं ताट झाकत होती. ती गुणगुणत होती ती बापाची झडतीच होती. तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच.

"मी जरा सावरगावले जाऊन येतो."

तिनं वळून पाहिलं. "आज?"

"आईले पोळ्याचा नमस्कार राह्यला."

"तुमी? गोटमारीत?" ती हसली नाही, हे विशेष. तिनं आत जाऊन गंज आणला आणि माझ्या हातात दिला. "हा तरी घालून जा."

बेत साधा होता. सगळ्यांच्या आधी पोचायचं, कॅसेट खिशात घालायची, आणि पुढचं पुढे पाहायचं. पण पुलावर माणसांची भिंत उभी. पोलिसानं मला गंजासकट पाहिलं आणि काठीनं परत फिरवलं. म्हणून वरच्या अंगाला संत्र्याच्या बगीच्यातून उतरून नदी गाठावी म्हटलं, तर बगीच्याला नवं काटेरी तारेचं कुंपण. त्याच्या कडेकडेनं चालत गेलो ते थेट घाटावर, गर्दीच्या पोटात. आणि गर्दीत माझे नापास विद्यार्थी झाडून हजर.

"अरे, सरजी उतरे रे!"

"कहाँ?"

"वो देख! गंज पहनके!"

"अरे बाजू व्हा बे, सरले रस्ता द्या!"

मी हात जोडून सांगत होतो, "बाबांनो, मले खेळाचं नाही, मले फक्त पलीकडं जायचं हाय." पण गोटमारीत 'पलीकडं जायचं' याचा अर्थ एकच होतो. शिट्ट्या झाल्या, ढोल वाढला, आणि मागच्या लोंढ्यानं मला गुडघाभर पाण्यात नेऊन सोडलं.

माझ्या गेममधला ठिपका मेला की पुन्हा काठावर उभा राहतो. पाण्यात उतरल्यावर मला एकदम आठवलं की ही सोय इथे नाही.

गोटे येऊ लागले. पहिला डाव्या बाजूला, दुसरा उजव्या बाजूला, तिसरा गंजावर टण्णकन. कानात शाळेची घंटा वाजू लागली. मी खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढून हलवला. आपलं काही भांडण नाही एवढंच मला सांगायचं होतं. पांढुर्ण्याच्या काठाला वाटलं, मास्तर झेंड्याकडे चला म्हणून इशारा करून राहिला! शेदोनशे माणसं ओरडत माझ्यामागे पाण्यात उतरली. सावरगावाला वाटलं, हाच यांचा म्होरक्या. आता त्या काठाचा सगळा माल एका गंजावर येऊ लागला.

मी डोळे मिटले. मनात एकच, कॅसेट सुरू झाली असेल का?

तेवढ्यात सावरगावच्या काठावरून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "थांबा बे! मारू नोका! रामाजीचा जवाई हाय थो!"

आणि गोटे थांबले. सावरगावात भांडण असो, कोर्टकचेरी असो, जावयावर हात उचलत नाहीत. दोघांनी येऊन मला दंडाला धरलं आणि मानानं पलीकडच्या काठावर नेलं. कुणी पाणी दिलं, कुणी गंज हातात घेतला. मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच मागून पाठीत एक गोटा बसला. पांढुर्ण्याचा! आमच्या घाटावर एव्हाना समजलं होतं की मास्तर दुश्मनाला जाऊन मिळाला.

"गद्दार!" पाठोपाठ अजून एक गोटा आला, बरोबर खांद्यावर. भूमितीत ज्याला सरळ रेषा काढता येत नव्हती त्या पोराचा नेम होता तो. मी आवाज ओळखला.

सासूबाई शकुंतलाबाई दारातच उभ्या होत्या. मी लंगडत त्यांच्या पाया पडलो आणि त्यांचे डोळे भरून आले.

"जावईबापू, हे जिवंत असते तर पाह्यलं असतं. गोटे खात आले, ह्यायच्या झडत्या ऐकाले!"

ओसरी पाहुण्यांनी भरलेली. मधे टीव्ही, त्याखाली दिलीपचा काळा डबा, बाजूला टेपरेकॉर्डर. टेपवर लाल कव्हर. मी तिकडे सरकलो तर दिलीपनं मला धरून पाटावर बसवलं. मी उठलो तर कुणी हळद लावायला आलं. पुन्हा उठलो तर पुढ्यात पुरणपोळी. जावयाला आमच्याकडे एकट्याला चोरीसुद्धा करू देत नाहीत.

"दिलीप, टेप राहू दे," मी घास तोंडात असताना म्हणालो. "टीव्ही गेमच लाव. मी खेळतो."

दिलीप माझ्याकडे पाहत राहिला. "भाऊजी, डोक्याले तं नाही ना लागलं?"

"खेळतो म्हटलं ना! सोपं हाय. लय चांगलं हाय. लाव."

"खेळा ना मग, रातभर खेळा. पहिले बाबाच्या झडत्या." आणि त्यानं खटका दाबला.

आधी नुसती खरखर. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. मग ते सुरू झालं. चींऽऽ खर्रऽऽ चीं चीं खर्रऽऽ. ओसरीवरचं कुत्रं उठून गेलं. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. सासूबाईंचे हात जोडलेलेच होते आणि त्या टेपकडे अशा पाहत होत्या की मी हातातला घास पानात परत ठेवला.

"आई," मी म्हणालो, "हे माह्या हातून झालं. मी गेम भरला त्याच्यावर. कोरी वाटली मले. बाबाचा आवाज मी पुसला."

टेप किंचाळतच होता. दिलीप तो बंद करायला उठला. सासूबाईंनी त्याला हातानं थांबवलं. का, ते मला माहीत नाही. कदाचित आत अजून कुणी असेल असं त्यांना वाटलं असावं.

आणि तो आवाज खटकन संपला. थोडी खरखर झाली, आणि रामाजी खणखणीत गाऊ लागले! बैलांच्या शिंगांवर, झुलीवर, पाटलाच्या पोटावर, एकामागून एक. सगळी ओसरी 'हर बोला हर हर महादेव' करून उठली. माझा गेम लहान, कॅसेट लांब. सुरुवातीचा तेवढा तुकडा गेला होता, बाकी सगळ्या झडत्या जशाच्या तशा. मी पाटावर बसल्या बसल्या रडलो आणि हळदीचं बोट डोळ्यात गेलं म्हणून सांगितलं.

"गेलं ते काही विशेष नव्हतं ना, आई?" सगळं शांत झाल्यावर मी विचारलं.

"नाही जी. झडत्या साऱ्या हाय." सासूबाईंनी डोळे पुसले. "सुरवातीले थे लाजून गप्प बसले होते. मंगी म्हणे, बाबा, काही बोला ना. तवा तुमच्याबद्दल बोलले."

"माझ्याबद्दल?"

"लय तारीफ केली. पोरीनं नशीब काढलं म्हणे, आन् काय काय. तेवढंच गेलं."

माझा हात पुरणपोळीवर तसाच राहिला. "काय काय म्हणजे काय?"

"आता मले तसंच्या तसं थोडी सांगता येते? चांगलंच बोलले होते." त्यांनी माझ्या पानात तूप वाढलं. "मंगी तर तुमाले कितीदा ऐकवणार होती. पण तुमचा टेप कधी मोकळाच नसे म्हणे. सदान्‌कदा गेम भरून राह्यला."

त्या रात्री मी दिलीपच्या टीव्ही गेमवर खेळलो आणि सासुरवाडीच्या लहान पोरांकडून सपाटून हरलो. माझं तत्त्व जाम नदीत वाहून गेलं ते गेलंच.

'गोटमार' मात्र अजून चालतो. एरवी सतरा नखरे करणारा माझा कम्प्युटर सासूबाईंनी परत दिलेल्या त्या एका कॅसेटवर पहिल्या झटक्यात गेम उचलतो. टेप बंद करायला विसरलो तर मागून रामाजी गातात आणि त्या तालावर माझा ठिपका नदी ओलांडतो. आणि गेम भरत असताना मी टेपला कान लावून बसलेला दिसलो, की मंगला चुलीजवळून ओरडते, "नीट ऐका, तुमची तारीफच चालू हाय."