शकूताईंनी झोपून निवडलेली नोकरी

शकूताई कुणाच्याही घरी गेल्या, की खुर्चीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. थेट पलंग गाठतात, उताण्या पडतात आणि छतावर डोळे लावून निश्चल होतात. आमच्याकडे प्रथम आल्या, तेव्हा पाण्याचा पेला माझ्या हातातच राहिला. पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमचा पंखा लय डोळे वटारून बघतोय. आजारी पडलात तर या खोलीत झोपू नका."

सातपूरच्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहतात. माहेर सायखेड्याचे, नदीकाठच्या काळ्या मातीचा ओलावा त्यांच्या बोलण्यात अजून आहे. घरात एक लोखंडी खाट, तीही दारालगत आडवी. येणाऱ्या प्रत्येकाची नडगी त्या खाटेने एकदा तरी चाखलेली आहे. "सरळ लावा की," म्हटले, तर उत्तर ठरलेले: "सरळ लावून काय दिसतंय?"

यजमान भाऊसाहेब कारखान्यात पाळीवर होते. ते गेल्यानंतर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, शकूताईंनी कोवळ्या पोरींच्या वर्गात बसून रुग्णसेविकेचे प्रशिक्षण घेतले. पुण्याच्या लेकाने मात्र अट घातली होती: दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही, तर घर आवरायचे आणि त्याच्याकडे जायचे.

पहिल्या मुलाखतीला माझ्या स्कूटरवरून गेलो. काचांचे इस्पितळ, आरशासारखी फरशी, लिंबाच्या वासाचा गारवा. साहेबांनी कागद पाहिले, पसंती दिली आणि मान वर केली, तो समोरची खुर्ची रिकामी! शकूताई शेजारच्या वॉर्डात, मोकळ्या पलंगावर उताण्या. एका नवख्या नर्सने त्यांच्या दंडाला पट्टाही गुंडाळला होता. "बोलू नका आजी, बीपी चढेल," ती दटावत होती.

"मावशी, तुम्हाला काम करायचंय की झोपायचंय?" साहेबांनी विचारले.

"काम उभ्यानंच करीन, साहेब. पण तुमची ही वरची ट्यूबलाइट पेशंटच्या डोळ्यात घुसतीय. तेवढी बाजूला घ्या, उद्यापासून येते."

"एका मावशीसाठी छत बदलू?"

"मग नाय जमायचं," म्हणत त्यांनी पट्टा सोडला. जाता जाता आकडा मात्र विचारून घेतला. बीपी उत्तम होते. चढले होते ते माझे.

"अहो, चांगला पगार, न्यायला गाडी, आणि दिवाळी तोंडावर आलीय!" मी स्कूटरवर कडाडले.

"वहिनी, तुम्हाला उजेड सोसला नाय तर तुम्ही मान फिरवाल. ज्याला मान फिरवता येत नाय, त्यानं काय करायचं?"

यावर मी हॉर्न वाजवला.

दुसरी जागा गंगापूर रस्त्याच्या एका गल्लीतली. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचे छोटेसे शुश्रूषागृह. दारातच उकळत्या पेजेचा आणि कापराच्या तेलाचा वास अंगाला बिलगला. तिथल्या मोठ्या बाई शिस्तीच्या. त्या काही विचारायच्या आत शकूताई आडव्या झाल्या होत्या.

"बाई, खिडकी डोक्यामागं कशाला? डासांनी बाहेर बघायला?"

"पलंग पहिल्यापासून असेच आहेत."

"एक फिरवून बघू?"

कोपऱ्यात एक आजी होत्या. पेजेची वाटी समोर आली की ओठ मिटणाऱ्या. बाईंची नजर क्षणभर त्या निवत्या वाटीवर थांबली आणि त्यांनी पदर खोचला. आम्ही तिघींनी आजींचा पलंग ढकलला. गंजलेली चाके किंचाळली. उन्हाचा एक कवडसा आजींच्या सुरकुत्यांत हळूहळू उतरत गेला. खिडकीबाहेर पेरूचे झाड होते, त्यापलीकडे गल्ली आणि गल्लीत भाजीची हातगाडी. आजी बघत राहिल्या.

मग खरखरीत आवाज फुटला, "ए बाबा! मेथी सुकली तुझी. पाणी मार की जरा!"

गाडीवाल्याने दचकून इकडे तिकडे पाहिले आणि मुकाट्याने पाणी शिंपडले. आजींनी समाधानाने ओठ उघडले. "आण ती पेज."

मोठ्या बाई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा पुसावा लागला. "बाकीचे पलंग कधी फिरवायचे, मावशी?"

"आत्ताच!" शकूताई म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी इमारतीत पेढे वाटले आणि लेकाला फोनवर सांगितले, "घर आवरायचं नाय. मला ड्यूटी हाय."

पहिल्या सकाळी त्या खळीच्या वासाचा नवा निळा गणवेश घालून निघाल्या. तुळशीला पाणी घालण्यासाठी किल्ली माझ्याकडे दिली होती. पाणी घातले, खाटेने सवयीप्रमाणे नडगी चाखली, आणि आज मात्र मीच तिच्यावर उताणी पडले.

तिथून खिडकीतून रस्त्याचे वळण नेमके दिसत होते. याच वळणावरून कारखान्याची बस जाते. अर्धांगवायूने वाचा गेलेले भाऊसाहेब शेवटी याच खाटेवर पडून होते. पाळीची बस वळली, की त्यांचा चांगला हात वर व्हायचा, हे मी येता-जाता कितीदा पाहिले होते. त्यांना ती पडल्या पडल्या कशी दिसायची, हे मात्र आज कळले.

तेवढ्यात वळणावर शहर बस आली. एका खिडकीतून निळ्या बाहीचा हात बाहेर आला आणि आमच्या इमारतीकडे, या खाटेकडे उंचावला. खाटेवर कुणी असेल, हे शकूताईंना ठाऊक नव्हते.

मी पडल्या पडल्याच हात वर केला.