हिंडण्याचं प्रयोजन

लातूरला जिल्ह्याचा दर्जा मिळाला आणि पाऊस मिळाला नाही, त्या वर्षी निवृत्ती गुरुजी किनवटच्या वसतिगृहातून सेवानिवृत्त होऊन लेकीकडं राहायला आले. लेक पंचशीला नव्या जिल्हा कचेरीत कारकून होती. घरामागं माणिकप्पाचं रान पेरणीवाचून मोकळं पडलेलं. रोज दिवस कलला की गुरुजी हात पाठीमागं बांधून बांधापासून विहिरीपर्यंत जात आणि परत येत. ढेकळं पायाखाली फुटायची, वारा सदऱ्यात शिरायचा, आणि जन्मभर पोरांच्या गलक्यात राहिलेल्या डोक्यात मस्तपैकी काहीच नसायचं.

एकदा माणिकप्पानं बांधावरून विचारलं, "काय मोजायलाव, गुरुजी?"

"मोजत न्हाई. हिंडून राहिलो."

"कशापायी?"

"बरं वाटतं."

माणिकप्पा समजूतदारपणे हसला. लेक कचेरीत, कचेरीच्या इमारतीला जागा हवी, आणि बाप रानात येरझारा घालतो. दुसऱ्याच दिवशी रानात प्लॉटच्या खुंट्या उभ्या राहिल्या. गुरुजी पायातला काटा काढायला जिथं टेकले, तिथं कचेरीचं दार येणार असं ठरलं. गुरुजींनी घरोघर जाऊन तसं काही नाही म्हणून सांगितलं. तेव्हा उरलेले प्लॉटही खपले.

मग विनाआदेश मोजणीची तक्रार झाली. कचेरीतल्या साहेबांनी गुरुजींना बोलावलं.

"चालण्याचं प्रयोजन?"

"बरं वाटतं, साहेब."

"बरं वाटणं हे प्रयोजन होत नाही. जात कुठं होता?"

"परत घरी."

साहेबांनी 'उडवाउडवीची उत्तरं' असा शेरा मारला आणि पंचशीलेकडून खुलासा मागवला.

"बाबा, माझी नोकरी अजून कायम न्हाई," ती ताट वाढता वाढता म्हणाली. "कायतरी कारण सांगा की."

सकाळी गुरुजींनी साहेबांना डॉक्टरांचा दाखला आणून दिला : हृदयविकार, चालणे आवश्यक. साहेबांचा चेहरा उजळला. "आजारी आहात होय? मग काहीच हरकत नाही."

हरकत नव्हती, पण रानही नव्हतं. तिथं भिंतीला भिंत लागली. कचेरी गावाच्या दुसऱ्या टोकाला झाली.

गुरुजी आता गल्ल्यांतून हिंडतात. दारोदार विचारणा होते, "कोण पाहिजे?" सुरुवातीला ते "कुणी न्हाई" म्हणायचे, तर एकदा लोकांनी त्यांना पोलीस चौकीवर नेऊन बसवलं. तेव्हापासून ते विचारतात, "दगडोबा म्हणून कुणी राहतात का इकडं?" मग लोक फार प्रेमानं वागतात. काही तर कोपऱ्यापर्यंत सोडायला येतात.

तुमच्याही दारावरून ते गेले होते. पांढरा सदरा, हात पाठीमागं. तुम्ही बिचाऱ्यांना पुढच्या गल्लीत चौकशी करायला सांगितलंत, आणि ते वळेपर्यंत कडीवर हात ठेवून उभे राहिलात.