भिंगकाकांची करडी नजर

संध्याकाळच्या बैठकीत आपण एक अक्षरही बोलणार नाही, हे भिंगकाकांनी सकाळीच जाहीर करून टाकलं.

"मग काय करणार?" काकूंनी विचारलं.

"बघणार."

"काय बघणार?"

"त्याच्याकडे बघणार. नुसतं."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर ते हसण्यावारी गेलं असतं. पण भिंगकाकांची नजर ही चेष्टेची गोष्ट नव्हती. उभा जन्म त्यांनी कॅमेऱ्यांची, दुर्बिणींची आणि कॉलेजांतल्या सूक्ष्मदर्शकांची भिंगं दुरुस्त करण्यात घालवला होता. भिंगाला बुरशी चढू दिलेलं गिऱ्हाईक समोर आलं, की काका काही बोलत नसत. रोखून बघत. एका लग्नाच्या फोटोग्राफरनं तर त्या नजरेसमोर न विचारताच कबूल केलं होतं, की कॅमेरा आपण न्हाणीघरात ठेवत होतो. रडणारी पोरं त्या नजरेनं गप्प होत, हसणारी रडायला लागत. परिणाम हमखास होई.

बैठक होती रस्त्याकडेच्या खोलीवरून. घर तिन्ही भावंडांचं, पण या खोलीत काकांचं कामाचं टेबल होतं, भिंतभर कपाटं होती आणि कपाटांत मऊ फडक्यांत गुंडाळून ठेवलेली भिंगं. फुगीर, खोलगट, एका अंगानं सपाट, बटणाएवढी, बशीएवढी. काम बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी काका रोज सकाळी तिथे जाऊन बसत, एकेक भिंग काढत, पुसत, उजेडाला धरत आणि परत झोपवत. ही खोली धाकट्या भावाला दुकानासाठी हवी होती. आणि दुकान कसलं? तर गॉगलचं.

"गॉगल," काका जिना चढता-उतरता स्वतःशीच म्हणत. "प्लास्टिकचे. माझ्या खोलीत."

मागच्या बैठकीत त्यांनी आवाज चढवला होता. "तुझी अक्कल म्हणजे दाराच्या भोकातलं भिंग आहे," असं ते भावाला सगळ्यांदेखत म्हणाले होते. "समोरच्याचं नाक तेवढं मोठं दिसतं, बाकी सगळं वाकडं." भाऊ चहा अर्धा टाकून उठला आणि तेव्हापासून दोघांत अबोला होता. शिवाय सगळ्यांची सहानुभूती भावाकडे गेली, हे काकांना जास्त झोंबलं होतं. म्हणून या वेळी शब्द नाही. नजर.

आता या नजरेला चष्मा लागत असे, हे सांगायला हवं. एक नव्हे, तीन. लांबचा, जवळचा आणि टेबलावरच्या कामाचा. एक गळ्यात, एक कपाळावर आणि तिसरा हरवलेला, अशी सर्वसाधारण व्यवस्था. घरातल्या इतरांचे डोळे मात्र केव्हाच सुधारले होते. काकूंनी मोतीबिंदू काढून डोळ्यांत नव्या लेन्स बसवून घेतल्या होत्या आणि घरी आल्या आल्या नवऱ्याकडे बघून, "हनुवटीखाली तुम्ही दाढी करतच नाही की काय?" असं विचारलं होतं. लेक बुबुळावर चिकटवायच्या लेन्स वापरी. त्यातली एक बेसिनपाशी पडली तेव्हा या विषयातले जाणकार म्हणून काकांना बोलावण्यात आलं. जाणकारांनी जमिनीवर उताणं-पालथं होऊन शोध घेतला. लेन्स त्यांच्याच सपातेला चिकटलेली निघाली.

याच लेकीनं मागे लागून काकांना चष्मेवाल्याकडे नेलं होतं.

"काका, हा प्रोग्रेसिव्ह," चष्मेवाला म्हणाला. "एकाच काचेत सगळं. वरच्या भागातून लांबचं, मधून मधलं, खालून जवळचं. फक्त डोळे फिरवायचे नाहीत, मान हलवायची. सवय होईपर्यंत—"

"तू मला भिंग शिकवतोस?" काका म्हणाले आणि त्याच्याकडे बघितलं. चष्मेवाल्यानं पुढचं वाक्य गिळलं. चष्मा डबीसकट कपाटात जाऊन पडला.

तो तिथेच पडून राहिला असता. पण दुपारी लेक खोलीत आली आणि म्हणाली, "बाबा, छोटे काका म्हणतायत, दुकानाला नाव काय द्यायचं ते दादानंच सुचवावं."

काकांनी टेबलावर मूठ आपटली. मुठीखाली लांबचा चष्मा होता.

काच अस्सल होती, त्यामुळे आवाजही अस्सल झाला. उरले दोन चष्मे. त्यांतल्या एकाची मजल पुस्तकापर्यंत आणि दुसऱ्याची स्क्रू-ड्रायव्हरपर्यंत. भावाच्या तोंडापर्यंत पोचेल असा एकही नाही. काकांनी दात-ओठ खात कपाट उघडलं आणि डबी काढली.

संध्याकाळी सगळे बैठकीच्या खोलीत जमले. तिघा भावंडांत थोरल्या त्या ताई; धाकट्याचं ऐकून त्याही काकांना दादाच म्हणत. त्या काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. भाऊ समोरच्या भिंतीपाशी एका बुटक्या स्टुलावर, अपराधी चेहऱ्यानं. काकू दाराशी. लेक चहाचा ट्रे घेऊन उभी.

"हे बघा," ताईंनी सुरुवात केली, "आज कुणी कुणाचा उद्धार करायचा नाही. सरळ विचारते. रस्त्याकडची खोली ह्याला दुकानासाठी द्यावी, असं त्याचं म्हणणं आहे. दादा, तुला काय वाटतं?"

हाच तो क्षण. काकांनी सगळा संताप डोळ्यांत गोळा केला आणि भावाकडे बघितलं.

भावाच्या जागी एक पिवळट ढग दिसत होता.

काकांनी हनुवटी थोडी खाली घेतली. ढगाला कान फुटले. आणखी खाली घेतली तेव्हा कान गेले. वर केली, नाक आलं; जरा जास्त वर केली, नाक पसरलं. कुठेतरी मधे भाऊ नक्की होता. त्याला गाठायचाच, या इरेला पेटून काका मान सावकाश खाली, वर, पुन्हा खाली नेऊ लागले.

"हो म्हणतोय," ताई हळूच म्हणाल्या.

काकांना हे ऐकू आलं. त्यांनी गर्रकन ताईंकडे बघितलं. पण ताई हाताच्या अंतरावर. त्यांच्यासाठी काचेचा वेगळाच भाग. मान पुन्हा वर, खाली, वर.

"अरे हो हो, समजलं मला," ताई म्हणाल्या. "किती वेळा सांगशील?"

"कपाटांसकट?" भावानं चाचरत विचारलं. "म्हणजे... कपाटंही हलवावी लागतील, दादा."

कपाटं. काकांच्या कानशिलांत रक्त उसळलं. या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून त्याला जागच्या जागी भस्म करायचं, एवढंच आता बाकी होतं. फक्त डोळे सापडायला हवे होते. मान जोरात हलू लागली.

"बघ, कपाटांनाही आनंदानं तयार आहे," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता.

आता तुम्ही म्हणाल, या गृहस्थानं तोंड का नाही उघडलं? उघडणारच होते. पण काकांचा राग हा असा, की तो तोंडाशी येईपर्यंत फार मोठा होई आणि मग दारात अडके. शब्दाऐवजी घशातून नुसता घरघर आवाज निघाला.

"भरून आलंय त्याला," ताईंनी निदान केलं.

काका उठले. तडक आपल्या खोलीत जायचं आणि आतून कडी लावायची, एवढाच विचार डोक्यात होता. त्यांनी खाली बघितलं. फरशी गुडघ्यापर्यंत वर आली होती आणि पाण्यासारखी हलत होती. काकांनी तिच्यावर चढण्यासाठी पाय उंच उचलला, इतका उंच की लेकीनं ट्रे बाजूला घेतला. पाय टेकला तेव्हा फरशी आपल्या नेहमीच्या जागी, बरीच खाली होती. काका पुढे झोकांडले, तसेच दोन-तीन पावलं धावले आणि दोन्ही हात पसरून थेट भावाच्या गळ्यात पडले.

"दादा," भाऊ म्हणाला. त्यानं दोन्ही हातांनी काकांना घट्ट कवटाळलं. "दादा, अरे मीच यायला हवं होतं रे. मी लहान. तू कशाला उठलास?"

"सोड," काका त्याच्या खांद्यात म्हणाले.

"सोडलं. सगळं सोडलं. मागचं काही काढायचं नाही."

ताई पदरानं डोळे पुसत होत्या. "मोठा तो मोठाच," त्या म्हणाल्या. "शब्दानं नाही बोलला. मिठीच मारली."

काकांनी कसंबसं डोकं मागे घेतलं. आणि गंमत बघा, त्या अंतरावर काचेच्या तळच्या भागातून भावाचा चेहरा प्रथमच लख्ख दिसला. तो रडत होता. नाकाचा शेंडा लाल झाला होता. अशा अवस्थेतल्या माणसाकडे करड्या नजरेनं बघणं फार अवघड असतं, तरी काकांनी प्रयत्न केला.

तेवढ्यात लेक पुढे आली. ती मघापासून वडिलांच्या मानेकडे बघत होती.

"बाबा," तिनं विचारलं, "चष्मा जमत नाहीये का तुम्हाला?"

सगळे थांबले. भावाची मिठी सैल झाली. ताईंचा पदर डोळ्यांपाशीच राहिला. एका शब्दानं खोली वाचणार होती. 'नाही जमत' एवढं म्हटलं की पुरे. टेबल, कपाटं, भिंगं, सगळं जागच्या जागी.

काकांनी तोंड उघडलं. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो कालचा पोरगा, तो चष्मेवाला उभा राहिला. गावभर सांगेल. भिंगांत केस पांढरे केलेल्या माणसाला नाकावरची दोन भिंगं वापरता येईनात. डोळ्यांनी भाऊ सापडेना म्हणून मान हलवत बसला होता.

"चष्म्याला काय धाड भरलीय?" काका कडाडले. "आरशासारखं स्वच्छ दिसतंय. मी बघूनसवरून होकार दिलाय."

एवढं बोलून त्यांनी चहाच्या कपाकडे हात नेला. कप दिसत होता त्या जागी नव्हता, पण लेकीनं तो वेळेत सावरला.

रात्रीच्या स्वयंपाकाला लागण्याआधी काकू ओटा पुसत होत्या. काका दारात येऊन उभे राहिले. चष्मा हातात होता.

"तुला कळलं होतं," ते म्हणाले.

"पहिल्या हलण्यालाच."

"मग बोलली का नाहीस?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही 'नाही' सोडून काहीतरी म्हणत होतात. मधेच कशाला अडवू?"

काका धुमसत उभे राहिले. राग कुणावर काढावा हे ठरेना. भाऊ गळ्यात पडलेला, ताई आशीर्वाद देऊन गेलेल्या, चष्मेवाल्यानं तर आधीच सांगितलेलं. शेवटी त्यांनी व्यवहाराचा प्रश्न काढला.

"आणि माझं टेबल? कपाटं? ती कुठे जायची?"

"मागच्या गॅलरीत. उजेड चांगला आहे तिथे. झाडून-पुसून जागा करून ठेवलीय मी."

"एवढ्यात? कधी केलीस?"

"काल."

"काल?" काका म्हणाले. "काल तर खोली द्यायची नव्हती."

"तुम्हाला द्यायची नव्हती," काकू फडकं पिळत म्हणाल्या. "आम्ही चौघं देणार होतो."